कोणती कळ दाबू?

अमेरिकेत युटा राज्यात ओरेम नावाचं गाव आहे. १९८०च्या दशकात तिथली वर्डपरफेक्ट कंपनी आपल्या सॉफ्टवेअरच्या खोक्यात फ्लॉप्या आणि जाडजूड माहितीपुस्तक यांच्यासोबत आणखी एक वस्तू घालत असे. ती म्हणजे कीबोर्डवर ठेवायची पट्टी. पट्टीवर चार रंगांत आज्ञा छापलेल्या. काळ्या अक्षरांतली आज्ञा हवी तर नुसती फंक्शन की दाबायची, हिरवी हवी तर शिफ्ट धरून, निळी हवी तर आल्ट धरून आणि तांबडी हवी तर कंट्रोल धरून. दहा कळा, प्रत्येकीच्या चार तऱ्हा, म्हणजे चाळीस जागा. एफ६ने अक्षर ठळक व्हायचं, एफ८ने अधोरेखित, एफ१०ने फाइल सेव्ह, शिफ्ट-एफ७ने छपाई. बाहेर पडायला नुसतं एफ७. यात तर्क शोधायला जाऊ नये. पट्टी होती म्हणून सगळं चालून गेलं.

पट्टी लागायची, कारण स्क्रीनवर काही नसायचंच. ॲलन ॲश्टन हे ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक आणि ब्रूस बॅस्टियन हा तिथलाच विद्यार्थी. या दोघांनी वर्डपरफेक्ट घडवलं तेव्हा लिहिणाऱ्यासमोर कोरा कागद असल्यासारखं वाटावं, हे त्यांनी धरून ठेवलं. खाली उजव्या कोपऱ्यात पान आणि ओळ यांचे आकडे, बाकी सगळं मोकळं. लिहिणाऱ्यांना हे भलतंच आवडलं. १९८९च्या ५.१ आवृत्तीला अमेरिकेतल्या वकिलांच्या कचेऱ्या पुढे कित्येक वर्षं चिकटून राहिल्या. पण स्क्रीन कोरी ठेवायची तर आज्ञांची यादी कुठेतरी जायलाच हवी. ती कीबोर्डवर उतरली.

१९८१च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर दहा फंक्शन कळा डाव्या कडेला दोन उभ्या रांगांत होत्या. त्यामुळे त्या काळची पट्टी ही खरं तर चौकट होती, मधल्या भोकातून कळा वर डोकावायच्या. १९८६च्या सुमाराला नवा कीबोर्ड आला, त्यात बारा कळा वरच्या आडव्या रांगेत गेल्या आणि जुन्या चौकटी रातोरात निकामी झाल्या. दुसऱ्या कंपन्याही अशा पट्ट्या विकायला लागल्या. सॉफ्टवेअरची चोरटी फ्लॉपी मिळवणं सोपं होतं. तिच्याबरोबर पट्टी मात्र येत नसे. कुणाची उसनी आणून झेरॉक्स काढावी, तर चारही रंग काळे होऊन बाहेर पडायचे.

पट्टी हरवलेल्याची सोयही कंपनीनं केली होती. एफ३ ही मदतीची कळ. ती दोनदा दाबली की अख्खी पट्टी स्क्रीनवर उमटायची. एकदा दाबून एखादं अक्षर टाइप केलं, तर त्या अक्षरानं सुरू होणाऱ्या सगळ्या कामांची यादी आणि त्यांच्या कळा समोर यायच्या. एवढं करूनही अडलंच तर फुकट फोन लावायची सोय होती. फोन धरून बसलेल्यांचा वेळ जावा म्हणून तिकडे गाणी लावणारी माणसं नेमलेली होती. कोणती कळ दाबायची ते सांगायला एवढा फौजफाटा उभा केलेला होता.

माहीत नसेल तर विचारायचं कुणाला, आणि माहीत झाल्यावर सांगणाऱ्यानं गप्प कधी बसायचं? शॉर्टकट शोधून देणाऱ्या प्रत्येक साधनाला हे दोन प्रश्न सोडवावे लागले. पहिल्याची उत्तरं पुष्कळ निघाली. दुसऱ्याचं एक फार चांगलं उत्तर वर्डपरफेक्टच्याही आधी, १९७८ सालीच सापडलं होतं. नंतर बरीच वर्षं ते विसरलं गेलं.

ते उत्तर वर्डस्टारमध्ये होतं. सीमोर रुबिनस्टाइन यांची मायक्रोप्रो कंपनी कॅलिफोर्नियातली, प्रोग्रॅम लिहिणारा रॉब बार्नबी. त्या काळी अनेक कीबोर्डांवर बाणाच्या कळाच नव्हत्या. बार्नबीनं सगळा कारभार कंट्रोल कीवर बसवला. कंट्रोल-ईनं कर्सर वर, एक्सनं खाली, एसनं डावीकडे, डीनं उजवीकडे. ही चार अक्षरं कीबोर्डवर शोधली की पत्त्यांतल्या चौकटचा आकार दिसतो. त्याच्या जरा बाहेर ए आणि एफ, ते एकेक शब्द ओलांडायला. वर आर आणि खाली सी, पानभर सरकायला. कळ कुठे आहे यावरूनच ती काय करते ते कळायचं. बोटांना दोन दिवस लागत आणि मग डोळ्यांना तिकडे बघावं लागत नसे.

चौकटीबाहेरच्या आज्ञा मात्र पाठच करायला हव्यात. त्यांची बार्नबीनं घराणी केली. कंट्रोल-के म्हणजे मजकुराचे तुकडे आणि सेव्ह करणं, कंट्रोल-ओ म्हणजे समास आणि मांडणी, कंट्रोल-पी म्हणजे छपाईतल्या खुणा, कंट्रोल-क्यू म्हणजे लांबच्या उड्या. आधी घराणं, मग एक अक्षर. आणि इथे खरी गंमत होती. कंट्रोल-के दाबून लगेच एस दाबला, तर फाइल मुकाट्यानं सेव्ह व्हायची. पण कंट्रोल-के दाबून बोट घुटमळलं, तर क्षणभरानं त्या घराण्याची अख्खी यादी स्क्रीनच्या वरच्या भागात उलगडायची. माहीत असलेल्याच्या वाटेत यादी येत नसे, अडलेल्याला ती न मागता मिळे. शिवाय मदतीच्या ० ते ३ अशा चार पायऱ्या ठेवलेल्या. नवख्यानं ३वर राहावं, म्हणजे एकतृतीयांश स्क्रीन याद्यांनी भरलेली. सरावल्यावर एकेक पायरी उतरत ० गाठावी, म्हणजे याद्या पूर्ण बंद.

माणूस घुटमळला, ही गोष्टच मदतीची हाक समजायची, ही कल्पना साधी वाटते. पुढच्या पन्नासेक वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांना ती पुन्हापुन्हा नव्यानं शोधावी लागली. जॉर्ज आर. आर. मार्टिन हा इंग्रजी कादंबरीकार वर्डस्टार ४.० वर लिहितो, जुन्या डॉसच्या मशिनवर, हे त्यानं २०१४ साली टीव्हीवर सांगितलं तेव्हा लोक हसले होते. हसण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

वर्डस्टारच्याच सुमारास विद्यापीठांतली मंडळी वेगळ्या वाटेनं चालली होती. १९७६ साली बर्कलीत बिल जॉय यानं व्हीआय हा एडिटर लिहिला. त्याच्यापुढच्या एडीएम-३ए टर्मिनलवर एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. त्यानं तेच उचलले. शॉर्टकटचा तक्ता कळेवरच छापलेला, यापेक्षा जवळ तो असणार तरी कुठे? टर्मिनल काळाच्या ओघात गेलं, छापलेले बाण गेले, एच-जे-के-एल मात्र राहिले. ज्यांनी ते टर्मिनल कधी पाहिलं नाही त्यांनाही ते पाठ करावे लागले. याच एडिटरच्या व्हिम या वारसदारातून बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेल्याचं २०१७ साली त्या कंपनीनंच जाहीर केलं.

व्हीआयच्याच वर्षी एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी ईमॅक्सला आकार दिला. त्यात शब्दकोशच बसवलेला होता, तोही दोन्ही बाजूंनी उघडणारा. कंट्रोल-एच आणि मग के दाबून कोणतीही कळ दाबा, ती कळ काय करते ते सांगितलं जाईल. के ऐवजी डब्ल्यू दाबून आज्ञेचं नाव द्या, तिची कळ सांगितली जाईल. नावच आठवत नसेल तर ए दाबून त्यातला एखादा शब्द द्या. वर्डपरफेक्टच्या पट्टीवर जे एकदा छापलं ते छापलं. ईमॅक्स मात्र कळांच्या चालू तक्त्यात बघून उत्तर द्यायचा. कुणी आपल्या सोयीनं कळा बदलल्या असतील तर उत्तरही बदललेलं यायचं. स्टॉलमननं १९८१च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच या एडिटरला ‘स्वतःची माहिती स्वतः सांगणारा’ म्हटलं होतं. फक्त एक घोळ झाला. अनेक टर्मिनलांवर बॅकस्पेसची कळ दाबली की मशिनला कंट्रोल-एच पोहोचायचं. चूक खोडायला जावं आणि मदतीची खिडकी उघडावी, हा प्रसाद ईमॅक्स वापरणाऱ्या कित्येक पिढ्यांनी खाल्लेला आहे.

भारतात कॉम्प्युटर क्लासचे दिवस आले ते वर्डस्टार, लोटस आणि डीबेस या तिघांना घेऊन. महाराष्ट्रातही तालुक्याच्या गावी पाटी लागली की त्यावर ही तीन नावं ठरलेली. लोटस १-२-३ हे १९८३चं स्प्रेडशीट, मिच केपॉर आणि जोनाथन सॅक्स यांचं. त्यात तिरपी रेघ दाबली की वर मेन्यूची ओळ यायची आणि प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरानं तो निवडता यायचा. नवखा ओळ वाचत वाचत एफ, मग एस दाबून फाइल सेव्ह करी. महिन्याभरानं तोच माणूस ओळ न वाचता रेघ-एफ-एस दाबून मोकळा होई. शिकणाऱ्याचा रस्ता आणि जाणत्याचा रस्ता एकच, फक्त चाल वेगळी. एक्सेलमध्ये आजही तिरपी रेघ दाबून पाहावी, मेन्यू जागा होतो. ती लोटसवाल्यांसाठी ठेवलेली सोय अजून कुणी काढलेली नाही.

वर्डस्टारच्या कळांना मात्र भारतात दुसराच जन्म मिळाला. बोरलँड कंपनीनं आपल्या टर्बो पास्कल आणि टर्बो सी यांच्या एडिटरमध्ये त्याच कळा ठेवल्या होत्या. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत टर्बो सी जगापेक्षा पुष्कळ जास्त दिवस टिकलं. त्यामुळे वर्डस्टार कधी न पाहिलेली मुलं ब्लॉक पकडायला कंट्रोल-के-बी दाबत राहिली.

या सगळ्यात शॉर्टकट स्क्रीनवरच लिहून ठेवायची रीत मनापासून पाळली ती एका भारतीय सॉफ्टवेअरनं. १९८६ साली श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचा मुलगा भरत गोएंका यांनी बेंगळुरूत सुरू केलेल्या कंपनीचं हे टॅली. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात टॅलीवर बसलेला माणूस पाहावा. माउस एका कडेला पडलेला असतो. एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. ‘एफ-आठला टाक’ असं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. ही यादी स्क्रीनच्या उजव्या कडेला कायम उभी असते, वर्डपरफेक्टची पट्टी जणू आडवी होती ती उभी करून काचेत बसवली. मेन्यूतल्या प्रत्येक शब्दात एक अक्षर वेगळ्या रंगानं दाखवलेलं, ते दाबलं की काम झालं. अक्षराखाली एक रेघ म्हणजे आल्ट, दोन रेघा म्हणजे कंट्रोल, ही खूण तर फारच नामी. कागदाचा तुकडासुद्धा लागू नये इतकं सगळं समोर.

त्यामुळेच २०२० साली टॅलीप्राइम आलं तेव्हा मुरलेल्या बोटांची पंचाईत झाली. पूर्वी क्रेडिट नोट कंट्रोल-एफ८वर होती, ती आल्ट-एफ६वर गेली. एफ४ ते एफ९ला हात लावला नाही, हे शहाणपणाचंच केलं. शिवाय आल्ट-जी ही नवी कळ दिली. ती दाबून हव्या त्या रिपोर्टचं नाव टाइप करायचं आणि तिथे जायचं.

अमेरिकेत मात्र याच्या कितीतरी आधीच माउस येऊन स्थिरावला होता. माउसबरोबर शॉर्टकटचा तक्ता मेन्यूत राहायला गेला. झेरॉक्सच्या पालो आल्टो प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यावर जिप्सी नावाच्या एडिटरमध्ये कट आणि पेस्ट घडवलं. टेस्लर १९८०मध्ये ॲपलमध्ये गेला आणि १९८३च्या लिसा संगणकावर एक्स, सी, व्ही या शेजारच्या तीन कळांवर कट, कॉपी, पेस्ट बसले. एक्स म्हणजे काट मारल्याची फुली, सी म्हणजे कॉपी, व्ही म्हणजे प्रूफ तपासताना ‘इथे घाला’ म्हणून करतात तशी खूण. अशी संगती लागली की तक्ता लागत नाही. मराठीत तर ‘कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही’ हा दुसऱ्याचं उचलून आपलं म्हणून देण्याचा वाक्प्रचारच झाला.

१९८४च्या जानेवारीत मॅकिंटॉश आला. त्याच्या मेन्यूत प्रत्येक आज्ञेच्या उजव्या टोकाला तिची कळ लिहिलेली. या खुणेसाठी आधी ॲपलचं चिन्हच वापरायचं होतं. मेन्यूभर सफरचंदांची रांग लागलेली पाहून स्टीव्ह जॉब्ज वैतागला. सुझन केअर या चित्रकर्तीनं मग चिन्हांचा कोश चाळला आणि स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर असते ती चार फासांची चौकट निवडली. आजही मॅकच्या कमांड कीवर तीच आहे. त्या पहिल्या मॅकच्या कीबोर्डवर बाणाच्या कळा नव्हत्या, फंक्शन कळाही नव्हत्या. लोकांनी माउस हातात घ्यावाच, असा बेत होता. कीबोर्डची कोणती कळ कोणतं अक्षर देते ते पाहायला मात्र ‘की कॅप्स’ नावाचं छोटं साधन सुरुवातीपासून दिलेलं होतं. त्यात कीबोर्डचं चित्र दिसे आणि ऑप्शन की दाबली की चित्रातली सगळी अक्षरं पालटत.

मेन्यूत कळ लिहिणं ही सगळ्यात जास्त पसरलेली सोय. आयबीएमनं १९८७ साली सगळ्या सॉफ्टवेअरना एका शिस्तीत आणायला नियमावली काढली, त्यातून मदतीला एफ१ आणि खिडकी बंद करायला आल्ट-एफ४ आले. त्याच नियमावलीत कॉपी करायला कंट्रोल-इन्सर्ट होतं. ते विंडोजमध्ये अजून चालतं आणि फारसं कुणाला माहीत नसतं. पण मेन्यूतल्या या छापील कळांचा उपयोग किती होतो? २००५ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी वर्ड वापरण्यात मुरलेल्या २५१ जणांकडे चौकशी केली. नेहमीच्या साध्या कामांनाही बहुतेक जण टूलबारवरच्या चित्रांवरच क्लिक करत होते. वर्षानुवर्षं समोर लिहिलेलं होतं, वाचलं कुणी नव्हतं.

कारण लोटसशी ताडून पाहिलं की सापडतं. तिथे नवख्याची आणि जाणत्याची बोटं त्याच कळांवरून जात. मॅक आणि विंडोजमध्ये नवखा माउसनं जातो. मेन्यूतली कळ त्याला दिसते तेव्हा त्याचं काम झालेलंच असतं. रस्ता ओलांडल्यावर पूल दाखवण्यासारखं ते. ॲपलचाच ब्रूस टॉग्नाझिनी यानं १९८९मध्ये लिहून लोकांना डिवचलं होतं की कीबोर्ड वेगवान वाटतो, पण घड्याळ लावलं तर माउस जिंकतो. कोणती कळ ते आठवण्यात गेलेला वेळ माणसाच्या लक्षातच राहत नाही. त्यावर वाद खूप झाले. मात्र आठवण्याला वेळ लागतो ही त्यातली खरी गोष्ट होती.

२००७मध्ये टोव्ही ग्रॉसमन, पिएर द्रागिसेविक आणि रविन बालकृष्णन यांनी हा आठवण्याचा खर्च कमी करायच्या तऱ्हा तपासल्या. दोन लागू पडल्या. एकीत मेन्यूतून आज्ञा निवडली की संगणक तिची कळ मोठ्यानं बोलून दाखवी. दुसरीत मेन्यू नुसता कळ दाखवायचा, क्लिक केलं तरी काम करायचा नाही, म्हणजे कळ दाबण्यावाचून सुटका नव्हती. दुसरी तऱ्हा थेट छडीवाल्या मास्तरांची आहे. ती सगळीकडे पसरली नाही, हे बरंच झालं.

मराठीत टाइप करणाऱ्यांना या साधनांची गरज इंग्रजीवाल्यांपेक्षा फार जास्त होती. इंग्रजीत निदान अक्षर कोणत्या कळेवर आहे हे शोधावं लागत नाही. डीटीपीच्या काळातले फॉन्ट म्हणजे प्रत्येकाचा वेगळा संसार. कान्याचे, रफाराचे, अर्ध्या अक्षरांचे, जोडाक्षरांचे इतके तुकडे असत की ते कीबोर्डवर मावतच नसत. उरलेल्यांसाठी आल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांवर क्रमांक दाबायचा. कृतिदेवसारख्या फॉन्टच्या या क्रमांकांचे तक्ते झेरॉक्स होऊन हातोहात फिरले. छापखान्यात ऑपरेटरच्या मॉनिटरशेजारी सेलोटेपनं चिकटवलेला, कडा पिवळ्या पडलेला तक्ता हे एक नेहमीचं दृश्य होतं. सवयीचा ऑपरेटर त्याकडे बघतही नसे. तो रजेवर गेला की तक्ता सगळ्यांना हवासा होई.

पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनं जिस्ट तंत्रातून भारतीय भाषा संगणकावर आणल्या आणि त्यासोबत इनस्क्रिप्ट मांडणीही पोहोचवली. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोनं काढलेल्या मानकात ही मांडणी आहे. तिच्यात बार्नबीच्या चौकटीसारखीच एक संगती आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क ज्या कळेवर, ख त्याच कळेवर शिफ्ट धरून. र जिथे, तिथेच शिफ्टनं ऱ, म्हणजे ‘वाऱ्या’ आणि ‘दऱ्या’ लिहिणाऱ्यांची सोय. वर्णमाला येत असेल तर अर्धा तक्ता आधीच डोक्यात असतो. सगळ्या भारतीय लिप्यांना मांडणी एकच, त्यामुळे मराठीत बोटं बसली की गुजराती किंवा कन्नडलाही चालतात. उरलेल्या अर्ध्यासाठी विंडोजमध्ये ऑन-स्क्रीन कीबोर्ड आहे, भाषा बदलली की त्यावरची अक्षरंही बदलतात. की कॅप्सचाच हा चुलत भाऊ. तरी पुष्कळ जण कीबोर्डवर स्टिकरच चिकटवतात.

नव्या शतकात साधनांचं पीक आलं. ऑफिस २००७मध्ये आल्ट दाबून सोडलं की मेन्यूंच्या जागी आलेल्या रिबन या पट्टीवरच्या प्रत्येक बटनावर अक्षराची चिठ्ठी डकवलेली दिसू लागली. जुन्या मेन्यूंच्या कळाही मायक्रोसॉफ्टनं चालू ठेवल्या. म्हणून पेस्ट स्पेशलसाठी आल्ट-ई-एस-व्ही घोकलेले हिशेबनीस, तो मेन्यू नाहीसा झाला तरी, तेच दाबत बसले. त्याच वर्षी मॅकच्या लेपर्ड आवृत्तीत मदतीच्या मेन्यूत शोधपट्टी आली. आज्ञेचं नाव टाइप केलं की ती आज्ञा ज्या मेन्यूत असेल तो आपोआप उघडतो आणि एक निळा बाण तिच्याकडे बोट दाखवतो.

ऑस्ट्रियातल्या अर्गोनिस कंपनीचं कीक्यू आणि चीटशीट नावाचं दुसरं एक साधन यांनी मॅकवर आणखी सोपं केलं. कमांड की जरा वेळ दाबून धरायची, समोर असलेल्या प्रोग्रॅमचे सगळे शॉर्टकट एका तक्त्यात. हा तक्ता कुणी बसून लिहिलेला नसतो. मॅकवर मेन्यू एका ठरलेल्या पद्धतीनं मांडलेले असल्यानं ही साधनं ते तिथल्या तिथे वाचून घेतात. म्हणून मेन्यूत नसलेला शॉर्टकट अशा वाचनातून सापडत नाही. २०१२मध्ये उबुंटूनं सुपर की दाबून धरल्यावर शॉर्टकटची पाटी दाखवली. २०१५मध्ये आयपॅडनं, बाहेरचा कीबोर्ड जोडला असेल तर, कमांड की धरल्यावर तसंच केलं. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टनं पॉवरटॉइज या विंडोज ९५च्या काळातल्या नावाखाली नवी साधनं काढली, त्यात विंडोज की धरली की मार्गदर्शक दिसे. मात्र तो विंडोज कीच्याच जोड्या दाखवायचा. विंडोजवर प्रत्येक प्रोग्रॅमची मेन्यूची तऱ्हा वेगळी, एका साधनानं वाचायचं तरी काय काय?

जीमेलमध्ये प्रश्नचिन्ह टाइप केलं की कळांची यादी समोर येते. त्यात खालच्या-वरच्या मेलवर जायला जे आणि के आहेत. एडीएम-३ए टर्मिनलच्या कळांवरचे बाण असे आपल्या इनबॉक्सपर्यंत पोहोचले. प्रश्न पडला म्हणून प्रश्नचिन्ह दाबायचं, याहून लक्षात राहणारा शॉर्टकट कुणी काढलेला नाही. कितीतरी संकेतस्थळांनी तो उचलला.

सिडनीच्या जॉन स्किनरनं सब्लाइम टेक्स्टच्या दुसऱ्या आवृत्तीत २०११मध्ये आणलेली पद्धत आता प्रोग्रॅमरांच्या अंगवळणी पडली आहे. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबायचं, काय हवं त्याची दोनतीन अक्षरं टाइप करायची, यादीतून उचलायचं. प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला कळ लिहिलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोडनं तीच वाट धरली. इथे हात कीबोर्डवरून हलत नाही आणि पुढच्या वेळची कळ वेळेवर नजरेला पडते, हे मॅकच्या मेन्यूपेक्षा चांगलं. पण नाव टाइप करून काम होत असेल तर कळ कोण पाठ करणार? एक शॉर्टकट शिकवून बाकीच्यांची गरजच काढून घेणारं हे साधन आहे, आणि टॅलीच्या आल्ट-जीचाही कल त्याच दिशेला दिसतो.

ईमॅक्सवाल्यांनी मात्र जुनी वाट पुन्हा शोधून काढली. ‘विच-की’ नावाची एक जोडणी त्यांच्यात काही वर्षांपूर्वी लोकप्रिय झाली. दोन टप्प्यांच्या आज्ञेतला पहिला टप्पा दाबून बोट थांबलं, तर पुढे कोणकोणत्या कळा चालतील त्याची यादी खाली उघडते. न थांबता पुढची कळ दाबली तर काही दिसत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये आलेल्या ईमॅक्स ३०.१मध्ये ही जोडणी मूळ प्रोग्रॅमसोबतच मिळू लागली. यादी उघडण्याआधी ती किती वेळ वाट पाहते, हे ज्याचं त्याला ठरवता येतं. कुणी काही ठरवलं नाही, तर एक सेकंद.